रक्तदाबाचं जनुक शोधायला निघालेला संख्याशास्त्रज्ञ

बीपीचं निदान झालं की डॉक्टर हमखास विचारतात, "घरात कुणाला आहे का?" बहुतेक घरांत कुणी ना कुणी निघतंच. आईला असतं, काकांना असतं, आजोबा अर्धांगवायूने गेलेले असतात. मग आपण "आमच्याकडे हे रक्तातच आहे" असं म्हणून मोकळे होतो. पण हे "रक्तात असणं" म्हणजे नेमकं काय, ते किती, आणि ते शरीरात कुठे बसलेलं असतं, हे प्रश्न दिसतात तेवढे सोपे नाहीत. त्यांच्यावर नामांकित डॉक्टर वर्षानुवर्षं भांडले. वाट बरीचशी मोकळी केली ती आकडेमोड करणाऱ्यांनी. त्यांपैकी एक म्हणजे अरविंद चक्रवर्ती. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधून १९७४ साली संख्याशास्त्राची पदवी घेतलेला हा माणूस पुढे अमेरिकेत मानवी आनुवंशिकीतला फार मोठा संशोधक झाला. त्यांच्या कामाच्या आधाराने हा सगळा प्रश्न समजून घेता येतो.

पण आधी ते भांडण.

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची युक्ती इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये काढली. १९०५ मध्ये कोरोत्कॉफ या रशियन डॉक्टरांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा आणि खालचा आकडा ठरवायची पद्धत दिली. त्यानंतर जगभर लोकांचे आकडे जमू लागले. त्यात काहींचा आकडा फार जास्त निघे आणि बहुतेकांत त्याचं काही कारण सापडत नसे. अशांच्या घरी चौकशी केली की इतरांनाही तेच असल्याचं कळे.

१९४७ मध्ये मँचेस्टरचे डॉक्टर रॉबर्ट प्लॅट यांनी या कुटुंबांचा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं असं, की रुग्णांच्या भावंडांचे आकडे आलेखावर मांडले तर दोन गट पडतात, एक नेहमीच्या रक्तदाबाचा आणि एक वाढलेल्याचा. मधे दरी. दोन गट म्हणजे मेंडेलच्या वाटाण्यांसारखा एका जनुकाचा खेळ. ते जनुक आई किंवा वडिलांकडून आलं की बीपी, नाही आलं की नाही.

लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधले जॉर्ज पिकरिंग यांना हे पटेना. त्यांनी फ्रेझर रॉबर्ट्स या आकडेमोडीत मुरलेल्या आनुवंशिकीतज्ज्ञाला बरोबर घेतलं. भलत्याच तक्रारी घेऊन बाह्यरुग्ण विभागात आलेल्या लोकांचे रक्तदाब मोजले, वय आणि लिंगानुसार आकडे दुरुस्त केले आणि मग रुग्णांच्या नातेवाइकांचे आकडे त्यांच्या शेजारी ठेवले. १९५४ मध्ये निष्कर्ष छापून आले. दरी कुठेच नव्हती. सामान्य लोकांचा आलेख म्हणजे एकच सलग उंचवटा, आणि नातेवाइकांचाही तसाच, फक्त अख्खाच्या अख्खा थोडा उजवीकडे सरकलेला. पिकरिंग यांचं म्हणणं होतं की उच्च रक्तदाब हा निराळा रोगच नाही. उंचीसारखं ते एक माप आहे. कुणाचं कमी, कुणाचं जास्त, आणि "इथून पुढे रोग" ही रेघ आपण मारलेली आहे.

हा वाद 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात दहा वर्षांहून जास्त रंगला. प्लॅट काही लहान असामी नव्हते, ते पुढे रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्ष झाले. त्यांच्या आलेखातली दरी थोड्या माणसांमुळे दिसली असावी, आणि डॉक्टर आकडा लिहिताना जवळच्या गोल संख्येकडे झुकतात त्यामुळेही, अशी शंका घेतली गेली. माझ्या मते या वादातली खरी गंमत ही, की दोघांच्या हातात साधारण सारखीच माहिती होती. प्लॅट डॉक्टरच्या नजरेने बघत होते. डॉक्टरसमोर माणूस येतो तोच मुळी आजारी किंवा बरा म्हणून, त्यामुळे दोन गट दिसणं त्यांना स्वाभाविक वाटलं.

पिकरिंग यांचा मुद्दा किती पक्का होता याचा पुरावा अगदी अलीकडचा आहे. २०१७ मध्ये अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी ती रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली. एका रात्रीत अमेरिकेतल्या प्रौढांमधलं उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलं. कुणाच्याही धमनीत काहीही बदललं नव्हतं.

सलग उतरणीसारखा पसरलेला गुण जनुकांतून कसा येतो, याचं गणित प्लॅट-पिकरिंग वादाच्या कितीतरी आधी झालेलं होतं. १९१८ मध्ये रोनाल्ड फिशर या, त्या वेळी शाळेत शिकवणाऱ्या, तरुण गणितज्ञाने दाखवलं की एखादं माप पुष्कळ जनुकांवर अवलंबून असेल आणि प्रत्येकाचा वाटा इवलासा असेल, तर प्रत्येक जनुक मेंडेलच्याच नियमाने चाललं तरी बेरीज सलगच दिसणार. हे शब्दांत सांगितलं की डोक्यावरून जातं, म्हणून छापा-काटा करून बघू.

समजा तुमच्या रक्तदाबामागे १०० नाणी आहेत. छापा पडला की सरासरीत १ मिलिमीटर (रक्तदाबाचा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) वाढ, काटा पडला की १ मिलिमीटर घट. सगळ्या नाण्यांची बेरीज म्हणजे तुमच्या वाट्याला आलेला वारसा. हजारो माणसांसाठी असं करून पाहिलं, तर तिघांपैकी दोघांची बेरीज उणे १० ते अधिक १० यांच्या मधे पडते. अधिक २० च्या वर जाणारा चाळीस-पंचेचाळीस माणसांत एखादाच. कुठेही दरी नाही, दोन गट नाहीत.

आता ही नाणी ५० जोड्यांत लावा, कारण प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते आणि एक वडिलांकडून. मुलाला देताना तुम्ही प्रत्येक जोडीतलं एक नाणं देता, आणि ते कोणतं हे नशिबावर. म्हणून एकाच आईबापाच्या दोन सख्ख्या भावांत, एकाच ताटात जेवूनही, नुसत्या नाण्यांमुळे १० मिलिमीटरचा फरक सहज पडू शकतो. "धाकट्याला काहीच नाही आणि थोरल्याला तिशीतच गोळी" याचं घरोघरी जे नवल वाटतं, त्यात नवल काही नाही.

पण लोकांच्या रक्तदाबातला फरक काही नाण्यांवरच संपत नाही. मीठ, वजन, दारू, झोप, कामाचा ताण आणि खुद्द मोजण्यातली चूक, हे सगळं त्यात मिसळतं. एकाच वयाच्या माणसांत वरच्या आकड्याचा पसारा सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण १७ मिलिमीटर धरू. संख्याशास्त्रात पसाऱ्यांची तुलना त्यांच्या वर्गांनी करतात. नाण्यांचा पसारा १०, त्याचा वर्ग १००. एकूण पसारा १७, त्याचा वर्ग २८९. म्हणजे आपल्या नमुन्यात एकूण फरकातला सुमारे ३५ टक्के वाटा वारशाचा. हा आकडा मी सोयीसाठी बेतलेला आहे, पण वास्तवापासून लांब नाही. कुटुंबांच्या अभ्यासांत हा वाटा ३० ते ५० टक्के निघतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ३५ टक्के म्हणजे तुमच्या १५० च्या आकड्यापैकी ५० आनुवंशिक आणि बाकीचे १०० तुमच्या कर्माचे, असं मुळीच नाही. ते प्रमाण माणसामाणसांतल्या फरकाचं आहे, एका माणसाच्या आकड्याचं नव्हे. एका समाजात, एका काळात, एका राहणीत मोजलेलं. ॲमेझॉनच्या जंगलात राहणाऱ्या यानोमामी लोकांच्या खाण्यात मीठ जवळजवळ नसतंच. १९८८ मध्ये छापलेल्या 'इंटरसॉल्ट' या ३२ देशांतल्या पाहणीत त्यांचा सरासरी रक्तदाब ९६/६१ च्या आसपास होता आणि तो वयाबरोबर वाढतही नव्हता. जनुकांतली विविधता त्यांच्यातही आहे. पण मीठच नाही म्हटल्यावर, मीठ धरून ठेवणाऱ्या जनुकाला करायला काही उरत नाही.

या गणिताचा घरगुती उपयोगही आहे. समजा तुमच्या आईचा वरचा आकडा तिच्या वयाच्या सरासरीपेक्षा ३४ ने जास्त आहे. त्यातला ३५ टक्के भाग, म्हणजे सुमारे १२, जनुकांतून आलेला समजायचा. त्यातला निम्मा, म्हणजे ६, तुमच्याकडे येण्याची अपेक्षा. वडील सरासरीचे असतील तर वारशाने तुमचा आकडा सरासरीहून ६ मिलिमीटर वर असेल, अंदाजे. "रक्तातच आहे" या वाक्याचा खरा वजनकाटा हा इतका. दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण हातपाय गाळण्यासारखाही नाही.

आता कोलकात्याकडे येऊ. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली ती प्रेसिडेन्सी कॉलेजच्या एका खोलीत. तिथे पिकांच्या पाहण्या होत, माणसांच्या कवट्यांची मापं होत आणि पंचवार्षिक योजनांची आकडेमोडही होई. १९५७ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन इंग्लंड सोडून तिथे आले. फिशर आणि सिवॉल राइट यांच्या जोडीने जनुकशास्त्राला गणिताचा पाया घालणारा तिसरा माणूस. चार वर्षांतच त्यांचं संस्थेशी बिनसलं आणि ते निघून गेले, पण संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने जीवशास्त्रात डोकं घालणं ही गोष्ट तिथे वावगी उरली नाही. चक्रवर्तींच्या आधी तिथून डी. सी. राव नावाचे संशोधक बाहेर पडले होते. कुटुंबातलं साम्य किती जनुकांमुळे आणि किती एकत्र राहण्यामुळे, हे वेगळं काढण्याच्या पद्धती त्यांनी विकसित केल्या आणि रक्तदाबाच्या मोठ्या कौटुंबिक अभ्यासांत वापरल्या. म्हणजे या प्रश्नावर कोलकात्याची छाप एकापेक्षा जास्त माणसांची आहे.

चक्रवर्ती ह्यूस्टनला गेले आणि १९७९ मध्ये टेक्सास विद्यापीठातून मानवी आनुवंशिकीत डॉक्टरेट मिळवली. तिथे मासातोशी नेई यांच्याबरोबर त्यांनी केलेलं काम निव्वळ कागद-पेन्सिलीचं होतं. एक लोकसंख्या अनेक छोट्या, अर्धवट सुट्या गटांत विभागली गेली तर त्या गटांत जनुकांचं प्रमाण किती वेगळं होत जाईल, याची सूत्रं. १९८० पासून ते पिट्सबर्गला होते. तिथून त्यांचं काम हळूहळू खऱ्या रुग्णांकडे वळलं.

पहिला मोठा टप्पा थॅलेसेमियाशी संबंधित बीटा-ग्लोबिन जनुकांचा. आईबापांकडून आलेली गुणसूत्रं पुढच्या पिढीत जाण्याआधी एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन खुणा, म्हणजे माणसामाणसांत फरक असलेल्या आणि ओळखता येणाऱ्या जागा, गुणसूत्रावर एकमेकींपासून जितक्या लांब तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त, आणि यावरूनच जनुकांमधलं अंतर मोजतात. समजूत अशी होती की अदलाबदल सगळीकडे सारखीच होत असावी. चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं की बीटा-ग्लोबिनच्या पट्ट्यात ती एका ठिकाणी प्रचंड होते आणि आजूबाजूला फारच कमी. ताटातूट ठरावीक जागीच होत असेल, तर त्या जागांच्या मधले तुकडे पिढ्यानपिढ्या अखंड राहणार. एका तुकड्यातली एक खूण तपासली की शेजारच्या खुणा न बघता ओळखता येणार. या निरीक्षणाचं महत्त्व वीस वर्षांनी कळलं, ते पुढे येईलच.

या अंतरांच्या हिशोबात आपला एक माणूस आहे, आणि त्याचं या बाबतीतलं नाव महाराष्ट्रात फारसं घेतलं जात नाही. दोन खुणांमध्ये किती वेळा ताटातूट झाली यावरून खरं अंतर काढायचं सूत्र हाल्डेननी १९१९ मध्ये दिलं होतं, पण त्यात एका अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीवर काहीच परिणाम होत नाही असं धरलं होतं. प्रत्यक्षात एक झाली की लगतच दुसरी होणं सहसा टळतं. हे लक्षात घेणारं सुटसुटीत सूत्र १९४० च्या दशकात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी दिलं. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. जगभरच्या प्रयोगशाळांत भाताच्या, गव्हाच्या, उंदराच्या जनुकांचे नकाशे काढताना संगणक आजही विचारतो: हाल्डेन की कोसंबी?

चक्रवर्तींचं सर्वांत गाजलेलं काम मात्र रक्तदाबावरचं नाही, ते हर्शस्प्रुंग नावाच्या जन्मजात विकारावरचं आहे. त्यावर थोडं रेंगाळायला हवं, कारण रक्तदाबाकडे ते याच वाटेने आले. गर्भात असताना आतड्याला हलवणाऱ्या मज्जापेशी वरून खाली सरकत शेवटच्या टोकापर्यंत जायला हव्यात. साधारण ५००० बाळांमागे एकात त्या टोकापर्यंत पोचत नाहीत. तेवढं आतडं आकुंचन-प्रसरण करू शकत नाही, बाळाला शी होत नाही, पोट फुगतं, आणि तो भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो. मुलींपेक्षा मुलग्यांत हा विकार सुमारे चौपट. एका बाळाला असेल तर त्याच्या भावंडांना धोका वाढतो, पण मेंडेलच्या हिशोबाइतका नाही.

म्हणजे हा विकार "एक जनुक, एक रोग" आणि "शंभर नाणी" यांच्या बरोबर मधला. चक्रवर्तींनी तो बहुधा म्हणूनच धरला असावा. पेनसिल्व्हेनियातल्या मेनोनाइट या बंदिस्त ख्रिस्ती समाजात तो बराच जास्त आहे. १९९४ मध्ये त्यांच्या गटाने तिथे एका जनुकातला बदल शोधला. त्या बदलाच्या दोन्ही प्रती असलेल्यांपैकी ७४ टक्के आजारी पडले, एकच प्रत असलेल्यांपैकी २१ टक्के. दोन्ही प्रती असूनही चौघांतला एक ठणठणीत! जनुक म्हणजे फर्मान नव्हे, ते फक्त शक्यता बदलतं, हे इतक्या स्वच्छ आकड्यांत क्वचितच दिसतं.

२००५ मध्ये आणखी पुढची गोष्ट कळली. या विकारातलं मुख्य जनुक 'आरईटी' नावाचं. त्यात बिघाड असलेली कुटुंबं आधीच माहीत होती. पण बहुतेक रुग्णांत जनुकात लिहिलेल्या, प्रथिन कसं बनवायचं त्या कृतीत (पाककृती असते तशी) काहीच चूक सापडत नव्हती. चक्रवर्तींच्या गटाला बदल सापडला तो जनुकाच्या आत पण कृतीच्या बाहेर, म्हणजे हे जनुक कुठे आणि किती चालवायचं हे ठरवणाऱ्या छोट्याशा पट्ट्यात, डीएनएच्या एका अक्षराचा. तो दुर्मीळ नव्हता. युरोपीय लोकांत साधारण चार प्रतींमागे एक, पूर्व आशियात जवळपास निम्म्या प्रतींत, आफ्रिकेत जवळजवळ नाहीच. एकटा तो फार काही करत नाही, धोका जरासा वाढवतो. पण इतक्या लोकांत असल्यामुळे एकूण रुग्णांमागचा त्याचा वाटा सगळ्या दुर्मीळ, भयंकर बिघाडांच्या वाट्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला.

सामान्य रोगांची कारणंही अशी सर्रास आढळणारी, सौम्य आणि कृतीबाहेर दडलेली असतील का? ही कल्पना १९९० च्या दशकाच्या अखेरीस ज्यांनी ठामपणे मांडली त्यांत चक्रवर्ती होते. ती तपासायची तर माणसांमधले लाखो एकाक्षरी फरक आधी नोंदवायला हवे होते. त्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय 'हॅपमॅप' प्रकल्पातही ते होते, आणि तिथे १९८४ चं ते निरीक्षण कामी आलं. गुणसूत्रं अखंड तुकड्यांनी बनलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक अक्षर तपासायची गरज नाही, तुकड्यामागे एखादी खूण पुरते. ५ लाख खुणा तपासणारी चिप त्यावरच उभी राहिली.

रक्तदाबावर मात्र ही चिप आधी सपशेल आपटली. त्यापूर्वीही अपयश काही कमी नव्हतं. १९९५ पासून अमेरिकेत हजारो कुटुंबांना घेऊन मोठा कार्यक्रम चालला होता. चक्रवर्ती त्याच्या एका शाखेत होते, डी. सी. राव दुसऱ्या. एका शाखेला एका गुणसूत्रावर काही दिसे, ते दुसरीला दिसत नसे. मग २००७ मध्ये ब्रिटनमध्ये सात रोगांचा एकदम अभ्यास झाला. प्रत्येक रोगाचे २००० रुग्ण आणि तुलनेला ३००० इतर माणसं. मधुमेह, हृदयविकार, संधिवात यांच्यात जनुकं सापडली. उच्च रक्तदाबाच्या रकान्यात खात्रीचं असं एकही नाही.

का, ते आपल्याच आकड्यांतून काढता येतं. ५ लाख खुणा तपासल्या आणि "वीसात एक वेळा चूक चालेल" ही नेहमीची सूट दिली, तर २५,००० खुणा उगाचच दोषी ठरतील. म्हणून कसोटी फार कडक ठेवतात. पुढे रूढ झालेली कसोटी म्हणजे दोन कोटींत एकदा चूक. आता ज्या खुणेमुळे रक्तदाबात फक्त १ मिलिमीटर फरक पडतो, ती १७ मिलिमीटरच्या पसाऱ्यातून शोधायची आहे. खूण असलेले आणि नसलेले अशा दोन गटांत २००० - २००० माणसं घेतली तर सरासरीतल्या फरकाची निव्वळ योगायोगाने होणारी हालचालच अर्ध्या मिलिमीटरहून जास्त असते. १ मिलिमीटर त्यात बुडून जातो. ही कसोटी पार करायला प्रत्येक गटात १७-१८ हजार माणसं लागतात. त्यातून ब्रिटनच्या अभ्यासातला तुलनेचा गट बीपी बघून निवडलेला नव्हता, म्हणजे "निरोगी" गटातही बरेच बीपीवाले बसलेले. पिकरिंग हसले असते.

उपाय एकच होता, माणसं वाढवा. आणि रोगी-निरोगी अशी वाटणी सोडून प्रत्येकाचा आकडाच वापरा. २००९ मध्ये दोन मोठ्या गटांनी रक्तदाबाशी जोडलेली गुणसूत्रांवरची पहिली डझनभर ठिकाणं शोधली. एका गटात चक्रवर्ती होते. मग सगळ्यांनी माहिती एकत्र केली आणि २०११ मध्ये युरोपीय वंशाच्या २ लाख लोकांचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. त्याच्या प्रमुखांमध्येही ते होते. २९ खुणा पक्क्या झाल्या. प्रत्येकीचा परिणाम साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. सगळ्या मिळून रक्तदाबातला किती फरक समजावतात? एक टक्काही नाही. तरी ज्यांच्याकडे या खुणा जास्त जमल्या होत्या त्यांना अर्धांगवायू आणि हृदयविकारही जास्त होता. गंमत म्हणजे मूत्रपिंडाच्या आजाराशी मात्र त्यांचा संबंध दिसला नाही. २०१८ पर्यंत १० लाखांहून जास्त माणसांच्या अभ्यासातून एकूण ठिकाणं ९०१ झाली. शंभर नाण्यांचा माझा हिशोब किती कंजूष होता, ते कळलं.

मग प्लॅट पूर्णपणे चूक होते? नाही. अमेरिकेतले रिचर्ड लिफ्टन यांनी १९९० च्या दशकात अशी थोडी कुटुंबं शोधली जिथे एकाच जनुकातल्या बिघाडाने बीपी भरमसाट वाढतं, तेही कोवळ्या वयात. लिडल सिंड्रोममध्ये मूत्रपिंडातलं सोडियम परत ओढून घेणारं दार उघडंच राहतं. दुसऱ्या एका विकारात दोन शेजारी जनुकं जोडली जाऊन ॲल्डोस्टेरोन हे मीठ धरून ठेवणारं संप्रेरक भलत्याच आदेशावर तयार होऊ लागतं. या घरांत प्लॅटचे दोन गट खरंच दिसतात. अशी घरं फार थोडी. पण त्यांनी एक गोष्ट पक्की केली: या प्रकारचे बहुतेक सगळे बिघाड शेवटी मूत्रपिंड मीठ किती सोडतं आणि किती ठेवतं तिथेच येऊन पोचतात. तरुण वयात, पोटॅशियम कमी असताना बीपी फार वाढलं तर डॉक्टर वेगळ्या तपासण्या सांगतात त्या यासाठीच.

९०१ ठिकाणांपैकी बहुतेकांबद्दल मात्र तिथे नेमकं कोणतं जनुक आणि कोणत्या अवयवात काम करतं, हे ठरवायचं काम अजून चालू आहे. खुणा बहुतांश कृतीच्या बाहेर, म्हणजे आरईटीचाच किस्सा पुन्हा. चक्रवर्ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अनेक वर्षं होते, २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात गेले. त्यांच्या गटाचं अलीकडचं काम याच दिशेचं आहे. धमन्या, मूत्रपिंड, अधिवृक्क ग्रंथी, हृदय यांत कोणते नियंत्रक पट्टे चालू असतात ते ओळखायचं आणि रक्तदाबाचा कल त्यांतल्या कुणाकडे झुकतो ते मोजायचं. सूत्रांपासून सुरुवात केलेला माणूस आतड्यापर्यंत आणि धमनीच्या पेशीपर्यंत गेला, पण विचारायचा प्रश्न तोच राहिला: कुणाचा वाटा किती?

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांत आणि २१ टक्के स्त्रियांत बीपी वाढलेलं किंवा त्याची गोळी चालू असलेली आढळली. हे पाहून थुंकीच्या नमुन्यावरून "बीपीचा जनुकीय धोका" सांगणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. माझं स्पष्ट मत, त्यावर पैसे घालवू नयेत. दंडाला पट्टा बांधून मिळणारा आकडा आज तरी कुठल्याही जनुकीय गुणांकापेक्षा जास्त सांगतो. शिवाय ते गुणांक मुख्यतः युरोपीय लोकांवरून बेतलेले आहेत. तुकडे कुठे तुटतात, कोणती खूण कोणत्या बदलाच्या शेजारी बसते, हे समाजासमाजात बदलतं. त्यामुळे तिकडे नेमकी ठरलेली खूण इकडे भलतीकडेच बोट दाखवू शकते.

जीनोमइंडिया प्रकल्पात देशभरातल्या १०,००० लोकांचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. दुर्मीळ विकार, औषधांचे वेगवेगळे परिणाम, आपल्यात कोणते बदल किती प्रमाणात आहेत, यासाठी तो मोठा खजिना आहे. पण १ मिलिमीटरच्या फरकासाठी एकेका गटात १७-१८ हजार माणसं लागतात, हे आपण वर मोजलंच. रक्तदाबापुरतं बोलायचं तर अजून पुष्कळ दंडांना पट्टे बांधावे लागतील.